वारा पाहून

वारा वाहील तशी पाठ फिरवणाऱ्या माणसाला आपल्याकडे कुणी चांगलं म्हणत नाही. अंथरूण पाहून पाय पसरणारा मात्र शहाणा. आता दोघंही करतात काय, तर समोरची परिस्थिती बघतात आणि त्याप्रमाणे वागतात. तरी एकाला आपण संधिसाधू ठरवतो आणि दुसऱ्याचं उदाहरण मुलांना देतो. शाळेत या दोन्ही म्हणी मी एकाच वहीत, एकाच पानावर अर्थासकट लिहिल्या होत्या आणि त्यांचं आपसात भांडण आहे हे कधी जाणवलं नव्हतं. ते जाणवलं वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, एका पार्किंग लॉटमध्ये. गाडीच्या मागच्या दारातून वेगवेगळ्या मापांची शिडं बाहेर काढून त्यातलं कुठलं लावावं याचा विचार करत मी उभा होतो.

मी विंडसर्फिंग करतो. हे सांगताना थोडा संकोच वाटतो, कारण रत्नागिरीत समुद्रापासून दहा मिनिटांवर वाढलेला मी पोहायला शिकलो तो पुण्यात, क्लोरीनच्या पाण्यात. समुद्र ही आमच्या घरी संध्याकाळी बघायला जायची गोष्ट होती, आत जायची नव्हे. नोकरीने कॅलिफोर्नियाला आणलं, आणि तिथे चाळिशीनंतर, पोट सुटायला लागल्यावर, एका सहकाऱ्याच्या नादाने मी पहिल्यांदा त्या बोर्डावर उभा राहिलो आणि लगेच पडलो. पुढचे दोन उन्हाळे मी मुख्यतः पडतच होतो.

आम्ही जातो ती जागा सॅन मटेओतला कायोटी पॉइंट. निलगिरीची उंच झाडं, त्यांच्यापलीकडे खाडी, आणि डाव्या हाताला सॅन फ्रान्सिस्कोचा विमानतळ. विमानं पाण्यावरून इतकी खाली येतात की नवख्या माणसाचं लक्ष तिकडेच जातं. इथला वारा समजायला आपलं सहावी-सातवीचं भूगोलाचं पुस्तक पुरतं. दिवसा जमीन तापते, हवा वर जाते, समुद्रावरची थंड हवा तिची जागा घ्यायला येते. हे खारे वारे. रात्री उलटं, ते मतलई वारे. कॅलिफोर्नियात हाच प्रकार राक्षसी प्रमाणात चालतो. आतल्या खोऱ्यात उन्हाळ्यात पारा चाळिशीला टेकतो, बाहेरचा पॅसिफिक मात्र बारा-तेरा अंशांवर गारठलेला असतो. मध्ये डोंगरांची रांग. समुद्रावरची हवा आत घुसायला फट शोधते. एक फट म्हणजे गोल्डन गेट, आणि दुसरी सॅन ब्रुनोची खिंड, जी बरोबर विमानतळावर उघडते. एप्रिलपासून ऑगस्टपर्यंत दुपारी दोन-अडीचला हा वारा त्या खिंडीतून निघतो आणि आमच्या पाण्यावर पसरतो. कधी १५ नॉट, कधी २५. (एक नॉट म्हणजे तासाला १.८५ किलोमीटर.)

आता शिडाबद्दल. विंडसर्फिंगचं शीड चौरस मीटरमध्ये मोजतात. साधारण तीनपासून दहापर्यंत मापं असतात, आणि नियमित जाणाऱ्यांकडे त्यातली तीन-चार असतात. होडीत बसलेल्या माणसाला वारा वाढला तर शीड थोडं उतरवता येतं. कोकणातली शिडाची होडी चालवणारेही तेच करत आले. आम्हाला ती सोय नाही. शीड किनाऱ्यावर, कोरड्या गवतावर बसून, दोरीने ताणून एकदा लावलं की लावलं. पाण्यात गेल्यावर थोडं चुकलं असं लक्षात आलं तर परत यायचं, सगळं सोडायचं, दुसरं लावायचं. म्हणजे अर्धा-पाऊण तास. बरंच चुकलं असेल तर परत येताच येत नाही, मग प्रश्नच मिटला.

म्हणून पार्किंग लॉटमध्ये लोक उभे राहतात. फोनवर हवामानाचा अंदाज बघतात, खाडीतल्या मोजणी-यंत्रांचे आकडे बघतात, झाडांचे शेंडे बघतात, मग एकमेकांकडे बघतात. "काय लावतोयस?" हा तिथला नमस्कार आहे. आणि त्या प्रश्नाला नुसतं उत्तर देता येत नाही, कारण उत्तरात तुमची सगळी कुंडली असते. कमी वाऱ्यात मोठं शीड लावणं हा समजूतदारपणा. जोराच्या वाऱ्यातही मोठं शीड पेलणं ही मर्दुमकी. माझ्या ओळखीचा एक जण (मीच) एक अख्खा मोसम ४.७ ऐवजी ५.३ लावत राहिला, कारण शेजारचा ५.३ लावत होता. शेजारचा माझ्यापेक्षा बारा किलोंनी जड होता.

या सगळ्यामागचं गणित तसं सोपं आहे, पण त्यात एक गंमत आहे. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो. या हिशेबाने १५ नॉटमध्ये ७ चौरस मीटरचं शीड लावणाऱ्याने ३० नॉटमध्ये पावणेदोनचं लावायला हवं. तसं कुणी करत नाही. साडेतीनच्या आसपासचं लावतात. म्हणजे दाब चौपट झाला तरी कापड निम्मंच कमी करायचं, आणि उरलेलं कुणीतरी सोसायचं. थोडं शीड सोसतं: त्याचं वरचं टोक वाऱ्याबरोबर वळून थोडा वारा सांडून देतं. थोडं वेग सोसतो. आणि बाकीचं तुमचं शरीर, हार्नेसच्या हुकाला लटकून, पाण्यावर जवळजवळ आडवं झालेलं. किती आडवं होता येईल हे कसबावर अवलंबून आहे, पण मुळात आडवं व्हायला वजन लागतं. एक प्रचलित ठोकताळा आहे: आपलं वजन किलोत घ्यायचं, १.३४ ने गुणायचं आणि नॉटमधल्या वाऱ्याने भागायचं. माझं वजन ८५. २० नॉटमध्ये मला ५.७ येतं.

ब्यूफर्टचं मोजमाप अनेकांनी शाळेत पाठ केलं असेल, ० म्हणजे धूर सरळ वर जाणं आणि १२ म्हणजे झंझावात. फ्रान्सिस ब्यूफर्ट हा ब्रिटिश आरमारातला अधिकारी. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याने हे मोजमाप बसवलं तेव्हा त्यात वेगाचे आकडे नव्हते. ते पुढे चिकटवले गेले. आरमारात ते रुजलं ते जहाजाच्या शिडांच्या भाषेत: या वाऱ्यात युद्धनौका सगळी शिडं पेलते, या वाऱ्यात वरची उतरवावी लागतात, या वाऱ्यात आणखी कमी करावी लागतात, आणि १२ म्हणजे ज्यापुढे कुठलंच कापड टिकत नाही तो. वारा किती आहे, या प्रश्नाचं उत्तर 'तुम्हाला किती सोडून द्यावं लागेल' या भाषेत होतं. मला हे फार प्रामाणिक वाटतं. आमच्या कोकणात तर बाराव्या आकड्याची वाटही बघत नसत. पावसाळा आला की होड्या वर ओढून झापांनी शाकारायच्या, आणि नारळी पौर्णिमेला नारळ सोडल्याखेरीज पाण्यात घालायच्या नाहीत. शून्य चौरस मीटर. हे माप माझ्या गाडीत नाही, पण ते निवडायला सगळ्यात जड जातं. तासभर गाडी हाकत आलेला माणूस शीड न लावता परत जात नाही.

तीन वर्षांपूर्वी माझा भाचा शिकायला इकडे आला. तेवीस वर्षांचा, काटक, वजन ५८ किलो. मी त्याला खाडीच्या पलीकडे एका शांत तळ्यात सहा-सात वेळा नेलं, आणि हलक्या वाऱ्यात तो माझ्यापेक्षा लवकर शिकला. जुलैतल्या एका शनिवारी म्हटलं, चल, आता खरं पाणी दाखवतो. अंदाज १८ ते २२ नॉटचा होता. कायोटी पॉइंटची एक खोड अशी की किनाऱ्यालगत वारा मंद असतो. झाडं आणि टेकाडाच्या आडोशाने तो उचलला जातो, आणि पाव-अर्धा मैल आत गेल्यावरच त्याचा खरा जोर कळतो. मला ही खोड ठाऊक होती. मी स्वतःला ५.८ लावलं. त्याच्यासाठी माझं जुनं ५.३ काढलं. अर्धा मीटर कमी केलं म्हणजे मी त्याचा पुरेसा विचार केला, असं मला मनापासून वाटलं होतं.

शेजारी एक सत्तरीचा गृहस्थ आपलं शीड ताणत बसला होता. तिथे तीस-पस्तीस वर्षं येणारा. त्याने आमच्याकडे बघितलं आणि विचारलं, "वजन किती त्याचं?"

मी म्हणालो, "तेवीस वर्षांचा आहे. तगडा आहे."

त्याने मान हलवली आणि आपल्या कामाला लागला. त्याने वजन विचारलं होतं आणि मी वय सांगितलं, हे माझ्या लक्षात यायला पुढचे दोन तास लागले.

झालं ते असं. किनाऱ्याजवळ भाचा झकास निघाला. माझ्या पुढे. मग वाऱ्याच्या रेषेत शिरला. ती रेषा पाण्यावर दिसते, अलीकडे पाणी हिरवट आणि पलीकडे काळं, पांढऱ्या फेसाचं. पहिल्या झोतात त्याच्या हातातलं शीड हिसकलं आणि तो पुढे फेकला गेला. उठला, शीड दोरीने ओढून उभं केलं, परत पडला. पाण्यात पडलेलं शीड वाऱ्याच्या जोरावर उचलण्याचं तंत्र त्याला अजून येत नव्हतं. बोर्डावर उभं राहून कंबरेच्या बळावर शीड ओढून काढायचं, एवढंच येत होतं. ५.३ शीड २२ नॉटमध्ये तसं ओढायला ५८ किलो पुरत नाहीत. उभं झालं तरी ते पूर्ण आत ओढून धरता येत नाही, आणि आत ओढलं नाही तर बोर्ड वाऱ्याच्या बाजूला, वर, चढत नाही. मी दोनदा त्याच्या जवळून गेलो, ओरडून सूचना दिल्या. आता आठवून लाज वाटते, त्या सगळ्या सूचना त्याने काय करावं याच्या होत्या. "गुडघे वाकव! मागे बस! हात सरळ!" तिसऱ्या फेरीत मला तो दिसला नाही.

शिडावर चालणाऱ्या वाहनाला थेट वाऱ्याच्या तोंडावर जाता येत नाही, पण तिरकं, नागमोडी वर चढता येतं. सगळं कसब तिथे आहे. त्यासाठी शीड पेललं पाहिजे. खूप लहान असेल तर बळ नाही, खूप मोठं असेल तर ताबा नाही. दोन्ही बाबतीत माणूस वाऱ्याबरोबर खाली खाली वाहत जातो. मी म्हणींबद्दल सुरुवात केली ती यासाठी. त्या दिवशी माझ्या भाच्याला वारा वाहील तशी पाठ फिरवावी लागली, आणि त्याचं कारण आम्ही वारा पाहून शीड घेतलं नाही हे होतं. ज्यांनी ३.९ आणि ४.२ लावलं होतं, ते त्याच वाऱ्यात विमानतळाच्या दिशेला वर चढत होते आणि जिथून निघाले तिथे परत येत होते. शीड कमी करणाऱ्याला आपली दिशा सोडावी लागत नाही. तडजोड आणि शरणागती यांत फरक काय, असं कुणी विचारलं की मला ते काळं पाणी दिसतं, आणि त्यावर वर चढत जाणारी लहान शिडं.

मी परत किनाऱ्यावर आलो आणि शोधत राहिलो. पाण्यातून परतणाऱ्या प्रत्येकाला विचारलं. तो सत्तरीचा गृहस्थ आपलं शीड तसंच टाकून माझ्याबरोबर दुर्बीण घेऊन उभा राहिला. काही बोलला नाही. तटरक्षक दलाला बोलवायला मी फोन हातात घेतला होता तेव्हाच एका अनोळखी नंबरवरून फोन आला. भाचा दोन-अडीच मैल खाली, थर्ड अव्हेन्यूच्या किनाऱ्याला लागला होता. त्याने एक गोष्ट अगदी बरोबर केली होती. बोर्ड सोडला नव्हता. शीड पाण्यात आडवं पडू दिलं, बोर्डावर पालथा पडला आणि वाहत गेला. तिथल्या कुणीतरी त्याला बाहेर काढून आपलं जाकीट दिलं. मी पोचलो तेव्हा तो थरथरत होता आणि दोन्ही तळव्यांची सालं निघाली होती. मला वाटलं चिडेल. चिडला असता तर बरं झालं असतं.

तो म्हणाला, "मामा, मला वाटलं माझंच काहीतरी चुकतंय."

या वाक्याने मला छळलं आहे. तो पाण्यात असताना एक तासभर त्याची खात्री होती की शीड बरोबर आहे, मामाने दिलंय म्हणजे बरोबरच असणार, आणि कमी पडतोय तो आपण. चुकीच्या मापाची वस्तू हातात असलेला माणूस मापाबद्दल शंका घेत नाही, स्वतःबद्दल घेतो. विशेषतः ती वस्तू प्रेमाने दिलेली असेल तर. मी त्याला दिलं होतं ते माझं शीड होतं. माझ्या वजनाचं, माझ्या दहा वर्षांच्या पडण्या-उठण्याचं. अर्ध्या मीटरची सूट देऊन.

नंतर मी बरेच दिवस 'मधला मार्ग' या गोष्टीचा विचार करत होतो. ५.३ हा माझ्या मते मधला मार्गच होता. माझ्यापेक्षा कमी, नवशिक्यांच्या शिडापेक्षा जास्त. ॲरिस्टॉटल सद्गुणाला मध्य म्हणतो हे सगळ्यांना माहीत असतं. त्याने तिथेच दिलेला इशारा मात्र कमी लोक सांगतात. त्याचं उदाहरण तालमीतलं आहे. दहा मापं अन्न फार झालं आणि दोन मापं फार कमी, म्हणून वस्तादाने सहा मापं द्यावीत असं होत नाही. मिलो नावाच्या प्रसिद्ध मल्लाला सहा कमी पडतील, नुकत्याच आखाड्यात आलेल्या पोराला सहा जास्त होतील. आकड्यांचा मध्य वेगळा आणि माणसाचा मध्य वेगळा. मी आकड्यांचा मध्य काढला होता. ठोकताळ्याने भाच्याचं माप २० नॉटला ३.९ येतं, म्हणजे माझ्या मध्यापासून जवळजवळ दीड मीटर दूर. हा गुणाकार करायला मला दहा सेकंद लागले असते. मी केला नाही, कारण करायची गरज आहे असंच वाटलं नाही. आपल्याच घरचा मुलगा. त्याला काय मोजायचं?

इथे कुणी म्हणेल की वेगळ्यांना वेगळं माप हे ठीक, पण मग न्यायाचं काय? सगळ्यांना सारखं हाच न्याय नाही का? या खेळाच्या स्पर्धांनी हा प्रश्न अगदी उघड्यावर सोडवला आहे. विंडसर्फिंग ऑलिंपिकमध्ये १९८४ साली आलं, स्त्रियांसाठी १९९२ मध्ये. तेव्हापासून एका स्पर्धेत सगळ्यांना एकच साहित्य. १९९६ ते २००४ मिस्ट्रल नावाच्या बोर्डावर ७.४ चौरस मीटर. २००८पासून आरएस:एक्स, पुरुषांना ९.५ आणि स्त्रियांना ८.५. याच प्रकारात हांगझोऊच्या एशियाडमध्ये, २०२३ साली, आपल्या इबाद अलीने कांस्यपदक मिळवलं. पॅरिसला २०२४ मध्ये पाण्याच्या वर उचलला जाणारा फॉइल बोर्ड आला आणि शिडं ९ आणि ८ ची झाली. कुस्तीसारखे वजनी गट इथे नाहीत. हलका वारा पडला तर सडपातळ खेळाडू खूश, जोराचा पडला तर धिप्पाड. यावर उपाय काय निघाला, तर खेळाडूंनी शरीरं बदलली. जुन्या बोर्डावर शीड सतत पंख्यासारखं हलवून वेग मिळवावा लागे, म्हणून तिथे सडसडीत, दमदार माणूस चाले. फॉइल आल्यावर वजन हवं झालं, आणि त्याच माणसांना खाऊन-पिऊन, व्यायामशाळेत जाऊन किलो वाढवावे लागले.

स्पर्धेपुरतं मला हे मान्य आहे. तुलना करायची असेल तर काहीतरी एक स्थिर धरावं लागतं. साहित्य स्थिर धरलं म्हणून माणसं बदलली. शिवाय तिथे सोबत बचावाच्या मोटरबोटी असतात, आणि कुणी बळजबरीने आणलेलं नसतं. पण स्पर्धेचा न्याय आपण स्पर्धेबाहेर फार सहज आणतो. एका वर्गात साठ मुलं आणि एक पुस्तक. दोन भाऊ आणि दोघांकडून एकच अपेक्षा. "तुम्हा दोघांत मी कधी फरक केला नाही" हे आई-वडील अभिमानाने सांगतात, आणि ऐकणारा एक मुलगा मान डोलावतो, दुसरा गप्प असतो. मीही भाच्याला कमी लेखायचं नाही या भावनेनेच मोठं शीड दिलं होतं. ३.९ काढून दिलं असतं तर त्याला लहान मुलासारखं वागवल्यासारखं झालं असतं, असं कुठेतरी मनात होतं. त्याच्या मनात तसं काही नव्हतं. त्याला फक्त पाण्यावर जायचं होतं.

आणखी एक अडचण आहे, आणि ती गुणाकाराने सुटत नाही. वारा कधी २० नॉट नसतो. '२०' म्हणजे पाच मिनिटं १५, मग अर्धा मिनिट २६, मग १८. सरासरी हा असा वारा आहे जो जवळजवळ कधीच वाहत नाही. मग शीड कशासाठी लावायचं, विरामासाठी की झोतासाठी? विरामासाठी मोठं लावलं तर झोतात फेकले जाता. झोतासाठी लहान लावलं तर बराच वेळ नुसतं रेंगाळता, आणि वारा अचानक पडला तर त्या लहान शिडावर परत येणं हाही एक छळच असतो. तिथले अनुभवी लोक विरामासाठी लावतात आणि झोत अंगावर घेतात. मी अनेक वर्षं त्याला धाडस समजत होतो. आता मला ते उत्पन्नासारखं वाटतं. ज्याच्याकडे चुकीतून परत यायची शिल्लक आहे, कसब असो, वजन असो, ओळखीचं पाणी असो, त्याला मोठं शीड परवडतं. ज्याच्याकडे ती नाही त्याने झोतासाठी लावावं, आणि मधल्या रेंगाळण्याबद्दल त्याला कुणी हसू नये. नोकरी सोडून स्वतःचं काही सुरू करणाऱ्यांच्या कहाण्या ऐकताना मी हल्ली मनात विचारतो, याच्या पाठीमागे कोण होतं, घर कुणाचं होतं. निंदा म्हणून नाही. शीड कुणाच्या वजनावर लावलंय हे कळलं की त्या कहाणीतून आपण काय उचलायचं ते कळतं.

उरला तो सत्तरीचा गृहस्थ. त्याने एकच प्रश्न विचारला आणि माझं उत्तर ऐकून गप्प बसला. त्याने बोलायला हवं होतं का? काही महिने माझा त्याच्यावर राग होता; स्वतःवरचा राग थोडा वाटून घ्यायला कुणीतरी लागतंच. मग एकदा मी त्याला विचारलं. तो म्हणाला की तिथे लोकांना न मागता सल्ला दिलेला आवडत नाही, आणि विशेषतः कुणाच्या घरच्या माणसासमोर त्याला तोंडघशी पाडणं त्याला बरोबर वाटलं नाही. "पण मी दुर्बीण गाडीतून काढून ठेवली होती," असंही म्हणाला. मी यावर पुष्कळ विचार केला आणि मला अजून ठरवता आलेलं नाही. त्याने मला दुसऱ्यांदा विचारलं असतं तर मी ऐकलं असतं, असं छातीठोकपणे मला म्हणता येत नाही. पण न ऐकणाऱ्यालाही दुसऱ्यांदा विचारायला हवं, असं वाटतं. दुर्बीण काढून ठेवणं म्हणजे त्याला कळलं होतं.

त्या आठवड्यात मी भाच्यासाठी ४.० चौरस मीटरचं शीड घेतलं. त्याला लागणारी आखूड डोलकाठीही. तो त्यानंतर पाण्यावर आला नाही. रागाने नाही, हसत टाळलं. "मामा, अभ्यास आहे," म्हणाला, आणि मग नोकरीसाठी टेक्सासला गेला. शीड गाडीत राहिलं, घड्या न मोडलेलं.

गेल्या मे महिन्यात एक बाई एकटीच आली होती. लहानखुरी, चाळिशीची असेल. बाहेर २४ नॉट दाखवत होतं आणि ती गवतावर ५.५ पसरत होती. मी माझं काम सोडून तिच्याकडे गेलो. एका बाईला वजन कसं विचारायचं हा प्रश्न चालता चालता पडला, म्हणून बाहेरचा आकडा सांगितला आणि म्हटलं, "इथे आत वाटतं त्यापेक्षा पलीकडे फार जोर असतो." ती म्हणाली, "माहीत आहे. सोळा वर्षं येतेय." मी परत फिरणार होतो. मग म्हटलं, दुसऱ्यांदा विचारू. "मग ५.५?" ती जराशी वैतागली. म्हणाली, लहान शीड गेल्या आठवड्यात फाटलं, नवीन घ्यायला सध्या जमणार नाही, हे एवढंच आहे, आणि आज घरी बसवत नाही.

चार मापांतून निवड करण्याबद्दल मी इतका विचार केला होता, त्यात एकच शीड असलेला माणूस कुठेच आला नव्हता.

मी गाडीतून ४.० काढून दिलं. तिने उलटसुलट करून बघितलं, खालची चिठ्ठीही निघालेली नव्हती. "हे तुमचं नाही," ती म्हणाली, माझ्या पोटाकडे बघत. मी म्हटलं, भाच्याचं आहे. संध्याकाळी सहाच्या सुमाराला तिने ते गुंडाळून परत आणून दिलं. ओलं शीड गाडीत ठेवलं की दोन दिवस खाऱ्या पाण्याचा वास येत राहतो, म्हणून मी ते गवतावर परत उलगडलं आणि वाळेपर्यंत बसून राहिलो.